कॅमेरा बदलावा का? हौशी छायाचित्रकाराच्या प्रश्नाचा आढावा

ज्यांच्या बॅगेत आज निकॉनचा डी५३०० किंवा डी७२००, कॅननचा १३००डी किंवा २००डी आहे, त्यांनी तो साधारण २०१३ नंतरच्या पाच-सहा वर्षांत घेतलेला आहे. कॅमेरा धडधाकट आहे, फोटोही चांगले येतात. तरी दर हिवाळ्यात भिगवणला रोहित पक्षी उतरले की तेच प्रश्न पुन्हा निघतात. आता मिररलेस घ्यावा का? की नुसती चांगली लेन्स घ्यावी? की आहे त्यातच भागवावे? फोटोवर पोट असलेल्याचा खर्च कामातून वसूल होतो. हौशी माणसाचा पैसा बोनसमधून, घरखर्चातून किंवा निवृत्तीच्या पुंजीतून जातो. त्यामुळे त्याचा प्रश्न अधिक गंभीरपणे घ्यायला हवा. याविषयी जाणकारांत सरळ मतभेद आहेत आणि प्रत्येक मताला काही ना काही आधार आहे.

इथवर कसे आलो

डिजिटल एसएलआर सामान्य माणसाच्या आवाक्यात येऊ लागला तो २००३ पासून, कॅननच्या ३००डीमुळे. सहा मेगापिक्सेल आणि जास्तीत जास्त १६०० आयएसओ, एवढीच त्याची ताकद होती. पुढच्या वर्षी निकॉनचा डी७० आला. त्यानंतरची दहा वर्षे जवळजवळ प्रत्येक नव्या पिढीत नुसत्या डोळ्यांना दिसेल इतका फरक पडत गेला. २००७ च्या निकॉन डी३ ने ६४०० आयएसओवरही वापरण्याजोगा फोटो दिला, तेव्हा लग्नाच्या हॉलपासून रंगमंचापर्यंत सगळीकडे काम करण्याची पद्धत बदलली. त्या काळात ‘बदलावा का?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘पैसे असतील तर हो’ असेच असे. आजही अनेक जण त्याच अनुभवावरून सल्ला देतात, आणि चर्चेतला बराचसा गोंधळ इथूनच सुरू होतो.

मिररलेसची वाट २००८ मध्ये पॅनासॉनिकच्या जी१ ने उघडली. २०१३ मध्ये सोनीने ए७ काढून फुल फ्रेम सेन्सर आरशाविना आणला. निकॉन आणि कॅनन हे दोन मोठे खेळाडू २०१८ मध्ये झेड६, झेड७ आणि ईओएस आर घेऊन फुल फ्रेम मिररलेसच्या वाटेवर आले. जपानी कॅमेरा उद्योगाच्या ‘सिपा’ या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२० मध्ये जगभर डीएसएलआरपेक्षा मिररलेस कॅमेरे जास्त रवाना झाले. त्याच वर्षी बाजारात आलेला १डी एक्स मार्क ३ हा आपला शेवटचा अव्वल डीएसएलआर असेल, असे कॅननच्या प्रमुखांनी २०२१ च्या अखेरीस सांगितले. पेंटॅक्स अजून आरशाला धरून आहे, पण भारतात त्याचा वापर नगण्य आहे.

याच काळात मोबाईलने खालचा बाजार गिळला. २०१० मध्ये जगात १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे रवाना झाले होते; २०२३ मध्ये हा आकडा ८० लाखांच्याही आत होता. विक्री घटल्यावर कंपन्यांनी थोडे पण महाग कॅमेरे बनवण्याचे धोरण धरले. भारतात २०१९ च्या सुरुवातीला डिजिटल कॅमेऱ्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, पण तेवढ्याने किमतीची चढण सपाट झाली नाही. वीस-पंचवीस हजारांत नवा डीएसएलआर आणि किट लेन्स घेऊन छंद सुरू करण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत.

चित्राचा दर्जा: कुठे फरक पडतो, कुठे नाही

पहिला पक्ष म्हणतो, नवा सेन्सर म्हणजे चांगले चित्र. हे तपासायला साधे गणित पुरते. २४ मेगापिक्सेलच्या फोटोची लांबी ६,००० पिक्सेल असते. आपल्याकडच्या लॅबमध्ये नेहमी काढला जाणारा १२ बाय १८ इंचांचा प्रिंट घेतला, तर इंचाला ३३३ पिक्सेल मिळतात. उत्तम छपाईसाठी ३०० चा निकष धरला जातो. म्हणजे बालगंधर्व कलादालनाच्या भिंतीवर लागणाऱ्या बहुतेक प्रिंट्सना दहा वर्षांपूर्वीचा कॅमेराही कमी पडत नाही. अनेक आंतरराष्ट्रीय सलोनमध्ये पाठवायची डिजिटल प्रतिमा तर जेमतेम दोन मेगापिक्सेलची असते. २४ वरून ४५ मेगापिक्सेलवर गेल्यास आकडा जवळपास दुप्पट दिसतो, पण लांबीतली वाढ सुमारे ३७ टक्केच असते. फोटो मोठ्या प्रमाणात कापावा लागतो अशांनाच तिचा खरा उपयोग.

कमी उजेडाचा मुद्दा अधिक सबळ आहे. क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे डी७२०० सारख्या कॅमेऱ्यातल्या लहान सेन्सरच्या, तुलनेत फुल फ्रेमचे क्षेत्रफळ सव्वादोन पटींहून थोडे जास्त. त्यामुळे अ‍ॅपर्चर आणि शटर तेच ठेवले तर सुमारे सव्वा स्टॉपचा फायदा होतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). क्रॉप सेन्सरवर ६४०० आयएसओला दिसणारे दाणे फुल फ्रेमवर १५,००० च्या आसपास दिसू लागतात. गणपती विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रस्त्यावर उभे राहणाऱ्याला हा फायदा नक्की जाणवेल.

पण सोबत कोणती लेन्स येते, तेही पाहिले पाहिजे. कॅननच्या फुल फ्रेमबरोबर मिळणारी स्वस्तातली आरएफ २४-१०५ लेन्स लांब टोकाला एफ ७.१ इतकी अंधारी होते. जुन्या १८-५५ किट लेन्सचा शेवट एफ ५.६ ला असे. सेन्सरने कमावलेल्या उजेडातला जवळपास निम्मा लेन्सने तिथेच गमावला. ‘फुल फ्रेम घेतला तरी फार फरक वाटला नाही’ या तक्रारीमागे अनेकदा हेच असते.

शिवाय गेल्या काही वर्षांत सॉफ्टवेअरने हा वादच हलवला. डीएक्सओने २०२० मध्ये डीपप्राइम आणले, अडोबीने २०२३ मध्ये लाइटरूममध्ये एआयचा डीनॉइज दिला. डी७२०० ची पाच-सात वर्षांपूर्वीची रॉ फाईल त्यातून काढली की तेव्हा टाकून दिलेला फोटो प्रिंटला लायक होतो. हार्डवेअर न बदलता एक-दीड स्टॉपची सुधारणा झाल्यासारखे वाटते. ज्यांनी इतकी वर्षे रॉमध्ये फोटो काढले, त्यांना हा लाभ मागच्या सगळ्या संग्रहावर मिळतो. फक्त जेपेग ठेवणाऱ्यांना फारच थोडा.

‘आधी लेन्स’ म्हणणारे

बॉडी चार वर्षांत जुनी होते, लेन्स वीस वर्षे टिकते, हे जुन्या छायाचित्रकारांचे आवडते सूत्र. त्यामागचा हिशेब आजही पक्का आहे. किट लेन्सच्या एफ ५.६ वरून ५० मि.मी. एफ १.८ वर गेले की सव्वातीन स्टॉप मिळतात. ज्या खोलीत ६४०० आयएसओ लागत होता, तिथे ६४० च्या आसपास भागते. कॅननची अशी लेन्स दहा हजारांच्या आसपास मिळते. फुल फ्रेमचा सव्वा स्टॉप लाखाच्या पुढे जातो. घरातल्या मुलांचे, आजी-आजोबांचे, बैठकीतल्या मैफलीचे फोटो काढणाऱ्याला यापेक्षा स्वस्त आणि मोठी सुधारणा माझ्या मते नाही. कासच्या पठारावर सीतेची आसवं टिपणाऱ्याचेही तसेच. फूल नखाएवढे, फोकस बहुधा हाताने लावायचा, कॅमेरा जमिनीला टेकलेला. तिथे मॅक्रो लेन्स किंवा साध्या एक्स्टेन्शन ट्यूब कामाला येतात आणि बॉडी कोणती आहे याने जवळजवळ काही बिघडत नाही.

पक्षी टिपणाऱ्यांचा मामला वेगळा. टॅमरॉन आणि सिग्मा यांच्या १५०-६०० आणि २०१५ मध्ये आलेली निकॉनची २००-५०० या लेन्सनी आपल्याकडच्या पक्षी-छायाचित्रणाचा चेहरा बदलला. त्याआधी तेवढी पोच केवळ धनिकांना आणि व्यावसायिकांना परवडे. या लेन्स क्रॉप बॉडीवर लावल्या की ५०० मि.मी.चा दृश्यकोन ७५० सारखा होतो. इथे कॅमेरा बदलण्याच्या भरात एक चूक हमखास होते. २४ मेगापिक्सेलच्या क्रॉपवरून २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर, तीच लेन्स घेऊन गेल्यास पूर्वीच्या चौकटीइतक्या भागात साडेदहा मेगापिक्सेलच उरतात. पक्ष्यावर आधीपेक्षा निम्म्याहून कमी पिक्सेल पडतात. महाग कॅमेरा घेऊन पिसांचा तपशील कमी झाला, असे ऐकू येते ते यामुळे.

आणि कोणत्याही लेन्सने न सुटणारी एक गोष्ट म्हणजे हवा. कुंभारगावच्या होडीतून सकाळी नऊनंतर दूरचा थवा टिपताना पाण्यावरची तापलेली हवा लहरू लागते. ६०० मि.मी.ची लेन्स त्या लहरीच मोठ्या करून दाखवते. अशा वेळी लवकर निघणे आणि पक्ष्याला न बिचकवता नावाड्याच्या अनुभवावर जवळ जाणे हाच उपाय.

खरा बदल फोकसमध्ये

या साऱ्या चर्चेत मला सर्वांत ठोस वाटणारी बाजू ऑटोफोकसची आहे. डीएसएलआरमध्ये फोकससाठी वेगळा छोटा सेन्सर असतो आणि त्याचे बिंदू चौकटीच्या मध्यभागी गोळा झालेले असतात. १३००डीमध्ये असे ९ बिंदू, डी७२०० मध्ये ५१. मिररलेसमध्ये चित्र टिपणाराच सेन्सर फोकसही ठरवतो, त्यामुळे चौकटीचा जवळपास सगळा भाग वापरता येतो आणि समोर काय आहे हे कॅमेऱ्याला ओळखता येते. २०१९ मध्ये सोनीने प्राण्यांचा डोळा शोधणारा फोकस आणला. २०२० मध्ये कॅननच्या आर५ आणि आर६ ने पक्षीही ओळखले, २०२१ मध्ये सोनीच्या ए१ ने. तेव्हा ही सोय महागड्या बॉडीपुरती होती. पुढे कॅननच्या आर७ आणि आर१० मध्ये, सोनीच्या ए६७०० मध्ये आणि २०२४ च्या निकॉन झेड५०-२ मध्ये ती क्रॉप सेन्सरवर उतरली, आणि तेव्हा हौशी माणसाचा प्रश्न खऱ्या अर्थाने बदलला.

हा फरक प्रिंटमधल्या बारकाव्यात दिसत नाही, हाती लागलेल्या फोटोंच्या संख्येत दिसतो. उडत्या भिंगरीवर किंवा पाण्यात सूर मारणाऱ्या मासेमार घारीवर जुन्या बॉडीने एखाद-दुसरा फोटो नेमका लागायचा. नव्या बॉडीत सलग फोटो डोळ्यावर शार्प येतात. उथळ पाण्यात उभ्या रोहितांसाठी मात्र ही क्षमता जवळजवळ वाया जाते. विषय वेगवान आणि अनिश्चित असेल, तर नवी बॉडी हा चैनीचा नव्हे, सयुक्तिक खर्च आहे.

मिररलेसचे आणखी दोन गुण आपल्याकडे पुरेसे बोलले जात नाहीत. एक शांतता. शास्त्रीय संगीताच्या मैफलीत आलाप सुरू असताना आरशाचा खटका सगळ्या रांगेला ऐकू जातो. इलेक्ट्रॉनिक शटर निःशब्द असते, मात्र काही एलईडी दिव्यांखाली त्याने चित्रात पट्टे येतात, ते आधी तपासून घ्यावे. दुसरा गुण वजनाचा. डी७२०० आणि २००-५०० मिळून तीन किलोंच्या वर जातात. कॅननची आरएफ १००-४०० लेन्स ६३५ ग्रॅमची आहे. ती एफ ८ पर्यंत अंधारी होते हे खरे; पण साठीनंतर पक्षी पाहू लागलेल्या, मानेचे आणि खांद्याचे दुखणे सांभाळत चालणाऱ्या माणसाला ती रोज बाहेर नेता येते. वजनासाठी कॅमेरा बदलणे हे कमी प्रतीचे कारण मानले जाते. मला ते सर्वांत रास्त कारणांपैकी एक वाटते. बॅटरीत मात्र डीएसएलआर अजून पुढे आहे. डी७२०० एका चार्जवर मानक चाचणीत १११० फोटो देतो, निकॉनचा पहिला झेड५० सुमारे ३००.

‘कॅमेऱ्याने काही होत नाही’

या टोकाच्या मताचा सर्वांत गाजलेला पुरस्कर्ता म्हणजे अमेरिकन छायाचित्रकार केन रॉकवेल. कॅमेऱ्याला महत्त्व नाही, असे शीर्षकातच सांगणारा त्यांचा लेख वर्षानुवर्षे वाचला जातो आहे. २००८ मध्ये कॅनडाच्या मायकेल राइखमन यांनी याला पूरक असा एक प्रयोग केला. ३९ मेगापिक्सेलची महागडी मीडियम फॉरमॅट प्रणाली आणि कॅननचा खिशात मावणारा जी१० यांनी काढलेल्या फोटोंचे १३ बाय १९ इंचांचे प्रिंट त्यांनी जाणकारांपुढे ठेवले. कोणता कुठला हे त्यांना खात्रीने सांगता आले नाही. आपल्याकडे मद्रासचे निसर्गलेखक एम. कृष्णन यांचे उदाहरण आहे. वेगवेगळ्या कॅमेऱ्यांचे भाग जुळवून त्यांनी स्वतःचे यंत्र उभे केले, त्याला ‘सुपर पाँडरोसा’ म्हटले आणि भारतीय वन्यजीवांची कृष्णधवल छायाचित्रे त्यावर टिपली.

दुसरी बाजू सांगते की राइखमन यांचा प्रयोग चांगल्या उजेडातल्या स्थिर दृश्यावर झाला. तोच जी१० आषाढातल्या पावसात वारीबरोबर धावताना किंवा संध्याकाळच्या कातरवेळी बिबट्यासमोर काय करेल? कृष्णन यांनीही आपल्या कामाला हवे तसे यंत्र मुद्दाम घडवले. साधन बिनमहत्त्वाचे मानणारा माणूस एवढा खटाटोप करत नाही. दोन्ही बाजू आपापल्या क्षेत्रात बरोबर आहेत. रस्ता, माणसे, निसर्गदृश्ये टिपणाऱ्याला पहिली लागू पडते, वेग आणि अंधार यांच्याशी झुंजणाऱ्याला दुसरी.

खरेदीच्या समाधानावर मानसशास्त्रातही एक वाद झाला आहे. २००३ मध्ये लीफ व्हॅन बोवेन आणि थॉमस गिलोविच यांनी दाखवले की वस्तूंपेक्षा अनुभवांवर केलेला खर्च माणसांना अधिक आनंद देतो. त्या हिशेबाने नव्या बॉडीऐवजी ताडोबाची किंवा हिमालयाची सहल करावी. २०१५ मध्ये डार्विन गेव्हारा आणि रायन हॉवेल यांनी याला पुरवणी जोडली. ज्या वस्तूंनी आपण काही करतो, त्या वस्तू अनुभवांच्या बरोबरीचे समाधान देऊ शकतात. कॅमेरा याच वर्गात बसतो, पण वापरला तर.

पैसा, दमट हवा आणि जुना बाजार

नव्या बॉडीची किंमत म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. वेगवान कार्ड, जादा बॅटरी, मोठी हार्ड डिस्क, ४५ मेगापिक्सेलच्या फाईल पेलणारा लॅपटॉप हे मागोमाग येतात. अ‍ॅडॉप्टरचाही हिशेब नीट करावा. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स आरएफ बॉडीवर उत्तम चालतात. निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरवर एएफ-एस लेन्स चालतात, पण जुन्या एएफ-डी लेन्सचा ऑटोफोकस जातो. कॅननने आरएफ माउंटवर सिग्मा आणि टॅमरॉनला २०२४ मध्ये वाट दिली, तीही क्रॉप सेन्सरपुरती. सोनीकडे ही मोकळीक आधीपासून आहे, म्हणून स्वस्त लेन्सचा पर्याय तिथे सर्वांत मोठा.

दुसऱ्या बाजूने, मिररलेसकडे वळणाऱ्यांनी विकायला काढलेल्या डीएसएलआर आणि लेन्समुळे जुना बाजार हौशी माणसासाठी आज फार अनुकूल आहे. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बझारपासून अनेक शहरांत असे व्यवहार चालतात. शटर काउंट पाहावा, बिल मागावे, परदेशातून आलेल्या मालाला इथली वॉरंटी मिळते का ते विचारावे. आणि लेन्समधून टॉर्चचा झोत टाकून बुरशी तपासावी. कोकण आणि मुंबईच्या पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर महिनोन्महिने राहते. बंद बॅगेत पडलेल्या लेन्सवर बुरशीचे जाळे चढायला तेवढे पुरते. ज्याच्याकडे ४०-५० टक्के आर्द्रता राखणारे ड्राय कॅबिनेट किंवा निदान सिलिका जेलचा हवाबंद डबा नाही, त्याची पहिली खरेदी तीच असावी. कॅमेरा बदलण्याच्या चर्चेत ही गोष्ट कुणीच आधी काढत नाही, याचे मला वाईट वाटते.

अजून न सुटलेले

काही प्रश्नांवर आज कुणी छातीठोकपणे बोलू नये. उत्पादन थांबलेल्या डीएसएलआरचे सुटे भाग आणि दुरुस्ती भारतात किती वर्षे मिळेल, हे कंपन्यांनी स्पष्ट केलेले नाही. एआयने स्वच्छ केलेली पिसे कुठवर खरी आणि कुठून पुढे यंत्राने रचलेली मानायची, यावर स्पर्धांचे परीक्षक आणि निसर्ग अभ्यासक यांचे एकमत नाही. त्याचा निकाल लागल्याशिवाय सॉफ्टवेअर नव्या सेन्सरला पर्याय ठरते का, हेही ठरणार नाही. स्वतः फोकस धरणारा कॅमेरा नवशिक्याला पक्ष्याच्या वागणुकीकडे पाहायला मोकळा करतो की तेवढे शिकण्याचीच गरज संपवतो, याबाबत शिकवणाऱ्यांमध्येही दोन तट आहेत. मी पहिल्या तटाच्या बाजूने आहे, पण दुसऱ्याची काळजी मला निराधार वाटत नाही.

निर्णय जवळ आला असेल तर सुरुवात दुकानातून नको, आपल्या हार्ड डिस्कवरून करा. गेल्या वर्षभरातले फसलेले फोटो काढा आणि प्रत्येक का फसला ते पाहा. फोटो हलला असेल किंवा अंधारात दाणेदार झाला असेल, तर उजळ लेन्स घ्या. पक्षी लांब राहिला असेल, तर लांब लेन्स घ्या किंवा पहाटे निघा. फोकस पक्ष्याऐवजी मागच्या फांदीवर बसला असेल, तर नवी बॉडी. चौकट आणि उजेड चुकला असेल, तर खरेदी काहीच नको. उत्तर बॉडीकडे झुकले तर ती एखाद्या शनिवार-रविवारसाठी भाड्याने घ्या आणि आपल्याच नेहमीच्या जागी वापरून पाहा. पुण्या-मुंबईत ही सोय सहज मिळते. आणि बॉडी बदललीच, तर जुन्या १३००डीला बाजारात फारसे पैसे येणार नाहीत हे धरून चाला. तो कपाटात बुरशीला सोडू नका. भाच्याला, पुतणीला, शेजारच्या शिकणाऱ्या मुलाला द्या, सोबत ती ५० मि.मी.ची लेन्स द्या आणि पहिले काही रविवार त्याच्याबरोबर बाहेर पडा.